मागे बांधलेले हात

सप्तपर्णी फुलली की माझं डोकं दुखायला लागतं. बोरीवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत कुणीतरी ही झाडं ओळीनं लावून ठेवली आहेत, आणि दर ऑक्टोबरात दिवे लागायच्या वेळेला त्यांचा वास खिडक्यांतून आत येतो. लांबून गोड वाटतो. रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं तर वाटावं, जवळपास कुठेतरी लग्नघर आहे. पण झाडाखाली गेलं की तोच वास कपाळात जाऊन बसतो आणि उतरत नाही. मीना, माझी बायको, म्हणते हे माझं खूळ आहे, तिला काही होत नाही. असेलही. मला मात्र या दुखण्यावरूनच कळतं की पावसाळा सरला, समुद्राचं मातकट पाणी निवळून हिरवट झालं, आणि आमच्या बंदरात परीक्षेचे दिवस आले.

मी पायलट आहे. असं म्हटलं की समोरचा माणूस आधी वर आकाशाकडे बघतो. सोसायटीतल्या शहाकाकांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मग सांताक्रूझला का नाही घर घेतलं? एअरपोर्ट जवळ पडला असता." मी समजावलं की मी विमानाचा नाही, जहाजांचा पायलट. परदेशातून आलेलं जहाज बंदराबाहेर थांबतं, त्याच्या कप्तानाला आमच्या पाण्याखालचे खडक ठाऊक नसतात. मग मी लाँचनं तिथे जातो, जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोरीच्या शिडीनं वर चढतो आणि ते जहाज आत आणून गोदीत लावतो. काकांनी मान डोलावली. "म्हणजे पार्किंगवाला," म्हणाले. तेव्हापासून गाड्या लावण्यावरून भांडण झालं की मला खाली बोलावतात.

मी हसून जातो. बोलणं हा माझा प्रांत नाही. घरात, कामावर, मित्रांत मी जेवढ्यास तेवढं बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि लोकांना तो माझा सज्जनपणा वाटतो. आज लिहायला बसलोय ते म्हणूनच. हा गप्पपणा सज्जनपणा नव्हता. त्यात बरीच वर्षं मी एका माणसाचा हेवा झाकून ठेवला होता. माणूस माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे, मिलिंद वाघमारे.

आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात बंदरात रुजू झालो. दोघांचीही उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर गेलेली, दोघांच्याही बायका फोनवरच्या संसाराला कंटाळलेल्या. पायलट झालो तर संध्याकाळी घरी येता येईल, एवढाच विचार. तो मुलुंडला राहायचा, मी इथेच बोरीवलीला. पावसाळाभर आम्ही जुन्या पायलटांबरोबर जहाजांवर चढलो-उतरलो, अंगावरचे कपडे वाळले नाहीत, आणि ऑक्टोबरात परीक्षा आली.

आमच्या परीक्षेत एक मोठा कोरा कागद समोर ठेवतात. त्यावर आठवणीनं बंदर काढायचं. किनारा, खडक, गाळाचे उंचवटे, वाट दाखवणारा कुठला तरंगता बोया कुठल्या रंगाचा, रात्री त्याचा दिवा कसा लुकलुकतो, कुठे पाणी किती खोल, ओहोटी कुठून कुठे ओढते. पाहून काढायचं काही नाही. नकाशा बघून जहाज कुणीही आणेल, असं आमचे सर म्हणायचे. पायलटला डोळे मिटले तरी तळ दिसला पाहिजे.

कागद पुरेनात, म्हणून आम्ही आमच्या गच्चीवर बंदर काढलं. खडूंचा डबा मिलिंदनं आणला. पांढऱ्यानं किनारा, निळ्यानं खोल पाणी, लाल म्हणजे खडक. पाण्याची टाकी हे दीपगृह, टीव्हीचा गंजका खांब म्हणजे गोदीचं तोंड. वाळत घातलेल्या साड्या बाजूला सारायच्या आणि एकानं जहाज होऊन त्या निळ्या वाटेनं चालायचं, दुसऱ्यानं ओहोटी व्हायचं, म्हणजे चालणाऱ्याला खांद्यानं ढकलत राहायचं. पाय लाल रेघेवर पडला की दुसरा ओरडायचा, "लागलं रे, वाट लागली." ज्याचं जहाज लागलं त्यानं खाली जाऊन चहा आणायचा. ऑक्टोबरातलं ऊन गच्चीवर असं उतरायचं की खडूची पूड घामात मिसळून तळपाय निळे व्हायचे. खालून सप्तपर्णीचा वास. मीना वर येऊन म्हणायची, "एवढे घोडे झालात, लंगडी काय खेळताय."

चहा बहुतेक वेळा मीच आणायचो.

खरं तर उलटं व्हायला हवं होतं, असं मला वाटायचं. आम्ही मालवणकडचे. आजोबांचा मच्छीमारी होडीत वाटा होता, वडील गिरणीत आले तरी सुट्टीत गावी गेले की पहिला दिवस किनाऱ्यावरच जायचा. भरती-ओहोटी आमच्या घरात पंचांगासारखी बोलली जायची. आणि मिलिंदचं घराणं परभणीकडचं. त्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, जुहूला, आणि तेव्हा तो घाबरून बसमध्ये जाऊन बसला होता. हे तोच सगळ्यांना हसत सांगायचा. माझी आई त्याला आग्रह करकरून वाढायची आणि तो गेल्यावर भांडी विसळता विसळता म्हणायची, "तो खयचो, परभणीचो? तेका दर्यातला काय कळतला?" मी आईला गप्प केलं नाही कधी. ते वाक्य मला आवडायचं. परीक्षेच्या अभ्यासात मागे पडलो की मी ते मनातल्या मनात म्हणून घ्यायचो.

एका दुपारी आम्ही गच्चीवर डबा खात बसलो होतो. त्याच्या आईनं दिलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दोघांपुरती. समोर पूर्ण बंदर काढून झालेलं, आणि त्या दिवशी त्यानं एकही बोया चुकवला नव्हता. खडूनं माखलेल्या हातानं भाकरी मोडत तो म्हणाला, "सुहास, गंमत बघ ना. आमच्या आजोबांना गावातल्या विहिरीला हात लावू देत नव्हते. आणि मी इथे बसून अख्ख्या बंदराचं पाणी तोंडपाठ करतोय." आणि हसला. कडवटपणा नव्हता त्या हसण्यात, पण हलकंही नव्हतं ते.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "चटणी मस्त आहे रे." आणि आतून मला काय वाटलं ते लिहायला इतकी वर्षं गेली. मला त्याचा हेवा वाटला. बोयांचा नाही, त्या वाक्याचा. त्याच्या शिकण्याला केवढा अर्थ होता. तो परीक्षा पास झाला असता तर त्याच्यामागे उभी असलेली कितीतरी माणसं पास झाली असती. मी पास झालो असतो तर फक्त मीच. ज्या दुःखाला माझ्यासारख्यांच्या घरांनीच हातभार लावला होता, त्या दुःखातून आलेल्या उंचीचाही मला हेवा वाटावा, याची लाज वाटली. पण लाजेनं हेवा गेला नाही. दोघं आत शेजारी शेजारी राहायला लागले.

आम्हाला शिकवायला डिमेलो सर होते. मनोरीचे, अंगानं बुटके, पांढरा शर्ट कायम कडक इस्त्रीचा; लाँचमध्ये लाटेचं पाणी उडलं तर शर्ट पुसायचे, चेहरा नाही. त्यांची शिकवायची रीत एकच. जहाजावर चढलं की ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, कप्तानाशी हात मिळवायचा, आजचं पाणी कसं आहे, कुठे वळायचं, टग, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, कुठे लावायचे हे त्याला सांगायचं. मग आमच्यापैकी एकाला पुढे करायचं आणि स्वतः एक पाऊल मागे सरकून हात पाठीमागे बांधायचे. हात बांधले म्हणजे जहाज तुमचं. हात सुटले म्हणजे तुमच्याकडून गेलं.

सगळी विद्या त्या हातांत होती. लवकर सोडले तर शिकणारा कधी शिकत नाही. उशिरा सोडले तर जहाज धक्क्यावर आदळतं. चूक होऊ द्यायची, पण तिच्यामागून संकट यायच्या आत हात सोडायचे. जबाबदारी पूर्णवेळ ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचीच.

मिलिंद पुढे असला की मी सरांच्या मागे उभा राहून त्यांचे हात बघायचो. एका तळव्यात दुसऱ्या हाताचं मनगट, सैलसर. जहाज वळायचं, वारा बदलायचा, कप्तान चुळबुळायचा, मनगट तसंच. मी पुढे असलो की माझी पाठ त्यांच्याकडे असायची, त्यामुळे हात दिसत नसत; पण कधीतरी खांद्याजवळून आवाज यायचा, "मी घेतो रे." शांतपणे. आणि मला एका बाजूला व्हावं लागायचं.

एकदा लाँचमधून परतताना मी विचारलंच. "सर, माझा हुकूम चुकला नव्हता. मग का घेतलं?"

"हुकूम चुकला नाय तुझा. तू दिलाच नाय." ते समोरच्या लाटांकडे बघत होते. "कठीण आलं का तू आतल्या आत विचार करतोस. टगवाला वाट बघतो, सुकाणूवाला वाट बघतो, कप्तान माझ्या तोंडाकडे बघतो. बोलत राहा रे. चुकीचं बोललास तर कोणीतरी थांबवेल तरी. पायलट गप्प झाला का जहाज पोरकं होतं. ह्याला बघ, ह्याचं तोंड चालूच असतं."

मिलिंदनं कोपरखळी मारली. "घरी पण हेच ऐकतो मी, सर."

तिघंही हसलो. तो खरंच बोलत राहायचा. "आता थोडं डावीकडे घेतोय, ओहोटी उजवीकडे ओढतेय म्हणून. कॅप्टन, हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण नाक तिकडे ठेवलं तरच आपण इकडे जाऊ." मोडक्या इंग्रजीतला ग्रीक कप्तान असो की तोंड न उघडणारा कोरियन, थोड्या वेळात तो मिलिंदला कॉफी करून द्यायचा.

दोघंही पास झालो. इथे खलनायक शोधणाऱ्याची निराशा होईल. मी त्याचं काही वाईट केलं नाही. उलट परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा एक दिवा चुकत होता तो मीच दुरुस्त करून दिला. फक्त दुरुस्त करताना मनात म्हणत होतो, उद्या हा विसरू दे. पुढेही असंच. पायलटला आधी लहान जहाजं देतात, मग जसजसा हात बसतो तसतशी मोठी. प्रत्येक पायरी त्यानं माझ्या आधी चढली आणि प्रत्येक वेळी पेढे घेऊन मी मुलुंडला पहिला पोचलो. त्याची आई म्हणायची, "मित्र असावा तर असा." मी तिच्या पाया पडायचो आणि परतीच्या वाटेवर माझं कपाळ ठणकत असायचं. अशा मैत्रीतला प्रत्येक पेढा खोटा असतो का? माहीत नाही. पेढे चांगल्या दुकानातले असायचे एवढं खरं.

सर गेले. त्यांना मनोरीच्याच मातीत ठेवलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात परीक्षा तोंडावर आली की आम्ही दोघं एका रविवारी मार्वेहून फेरीबोटीनं मनोरीला जातो, त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवतो, एक खडू ठेवतो, आणि परत येतो. खडू मिलिंदच आणतो.

आता आम्हीच जुने पायलट. नव्यांना शिकवतो, परीक्षेच्या मंडळापुढे त्यांच्याबद्दल मत देतो. शिकाऊ पोरं मिलिंदबरोबर जायला धडपडतात, हेही सांगून टाकतो. माझ्याबरोबर ड्यूटी लागली तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला लांबून वाचता येतं.

या वर्षीच्या शिकाऊंत मिलिंदचा भाचा आहे, अमोल. तिशी ओलांडलेला, बायको-मूल असलेला, जहाजावर बरीच वर्षं काढलेला गडी. मिलिंदनं पहिल्याच दिवशी वरिष्ठांना सांगितलं की हा माझ्या बहिणीचा मुलगा, मी याला शिकवणार नाही आणि याच्याबद्दल मतही देणार नाही. नियमच तसा आहे, पण काही जण तो वाकवतात. यानं वाकवला नाही. मग मला फोन केला.

"सुहास, अमोलला तू घे."

"मीच का?"

"अरे, तू कोणाची भीड धरत नाहीस. नाही म्हणजे नाही. मला तेच पाहिजे."

असा हा माणूस. माझ्या हातात त्याच्या घरातलं सगळ्यात नाजूक जहाज देऊन टाकलं आणि पलीकडे चहा पीत होता, मला घोट ऐकू येत होते.

अमोल जहाजावर मला "सर" म्हणतो आणि लाँचमध्ये उतरला की "काका". चढतो झकास, कोरा कागद भरतो तर अगदी मामासारखा, तीच घाई नसलेली रेघ. त्याचा कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा मला गच्ची आठवली आणि जुनं दुखणं कपाळात आलं. हेव्याला वारसदार मिळतो हे मला नवीन होतं.

मग ती दुपार. गाड्या वाहून आणणारं एक जहाज होतं, इमारतीसारखं उंच, खिडक्या नसलेल्या भिंतींचं. अशा जहाजाला वारा शिडासारखा धरतो. ऑक्टोबरात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो हे अमोलला ठाऊक होतं. त्यानं कप्तानाला तसं सांगितलंही. मी एक पाऊल मागे सरकलो, हात बांधले.

गोदीच्या तोंडापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे वारा एकदम वाढला आणि जहाजाचं नाक हळूहळू धक्क्याकडे सरकायला लागलं. अगदी हळू, ब्रिजवरून बघणाऱ्याला वाटावं, धक्काच चालत जवळ येतोय. अमोलला दिसलं. त्याची मान ताठ झाली. आणि त्याचा आवाज गेला.

वॉकीटॉकीवर टगवाला विचारत होता, "साहेब, ओढू काय?" सुकाणूवाल्याचे हात चाकावर थांबलेले. कप्तान अमोलकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. ही शांतता मी ओळखतो. मी तिच्या आत राहून आलो आहे. आत काय चाललेलं असतं तेही मला ठाऊक आहे. सगळी उत्तरं येत असतात, फक्त तोंडापर्यंत कुठलंच पोचत नाही.

हात सोडायची वेळ आली होती. मला कळलं होतं ती आली आहे. आणि मी एक श्वास जास्त थांबलो.

शिकवण्यासाठी नाही. तेवढं थांबून झालं होतं. त्या जादा श्वासात मला बरं वाटत होतं. धक्का जवळ येत होता, मिलिंदच्या भाच्याची पाठ माझ्यासमोर होती, आणि मला, परवाना असलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला, उन्हातून सावलीत आल्यासारखं बरं वाटत होतं.

"मी घेतो रे," मी म्हणालो. टगना हुकूम दिले, इंजिनाचा जोर वाढवायला सांगितला. नाक थांबलं, परतलं. जहाज आत गेलं, कुणाला ओरखडाही आला नाही. कप्तानानं माझे आभार मानले. लाँचमध्ये अमोल खाली मान घालून बसला होता. "काका, मला सगळं दिसत होतं," म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

घरी आल्यावर मी दिवसचे दिवस एकाच जागी फिरत राहिलो. अमोल अजून तयार नाही, हे माझं मत. पण ते कुणाचं मत होतं? पायलटचं की त्या बरं वाटणाऱ्या माणसाचं? नापास केला तर जन्मभर वाटेल, हेव्यानं केला. पास केला तर तो फक्त माझं मन स्वच्छ आहे हे मलाच दाखवण्यासाठी. आणि मग एखाद्या दुपारी वारा उठेल, त्याच्यामागे कुणाचे हात नसतील.

मीनानं भाजी निवडता निवडता विचारलं, "अमोलचं काय ठरलं?"

"बघू."

"तुझं 'बघू' म्हणजे नाही असतं."

"पास करावा म्हणतोय."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणतोयस का? एवढी वर्षं मिलिंदभावजींकडून आलास की डोकं धरून बसतोस. मी काय आंधळी आहे? त्यांना पेढे पुरे झाले आता. त्यांच्याशी बोल."

सोमवारी मंडळापुढे मी जे सांगितलं ते आधी लिहितो. अमोल तयार नाही. संकटात गप्प होतो. त्याला अजून जहाजं द्या. आणि त्या दुपारी मी जहाज हातात घ्यायला उशीर केला, तो माझा दोष होता, म्हणून त्याच्याबद्दलचं पुढचं मत माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी द्यावं. दोन्ही मान्य झालं. मला विचारलं, उशीर का केला? मी म्हणालो, कारण खासगी आहे, पण खरं आहे, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगून आलोय. त्यावर मलाही काही दिवस मोठी जहाजं दिली नाहीत. योग्य केलं.

ज्याला सांगायचं त्याला आदल्या रविवारी सांगितलं. मार्वेच्या धक्क्यावर मिलिंद नेहमीसारखा खिशात खडू घेऊन उभा होता. फुलं मी घेतली होती. थडग्यावर फुलं आणि खडू ठेवून आम्ही निघालो. तिथल्या अंगणांतून ऊन पसरलेलं, बांबूंच्या मांडवांवर नवे बोंबील वाळत घातलेले, त्यांचा उग्र, खारट, कपाळ मोकळं करणारा वास. परतीच्या फेरीत आम्ही कडेला उभे राहिलो. खाडीला जोरात ओहोटी होती आणि फेरीबोट नाक भलतीकडे करून तिरकी तिरकी पार जात होती.

"नाक अजून थोडं प्रवाहाकडे पाहिजे," मिलिंद म्हणाला. प्रवासी म्हणून गप्प बसणं त्याला कुठल्याच बोटीवर जमलेलं नाही.

"मिलिंद, मला दोन गोष्टी सांगायच्यात."

"बोल ना."

"मी तुझ्यावर जळतो. गच्चीवर बंदर काढायचो तेव्हापासून. तुझ्या प्रत्येक पेढ्याला जळलोय. आणि दुसरं, अमोल तयार नाही." इथेच थांबलो असतो तर सोपं होतं. "आणि त्या दिवशी, गोदीच्या तोंडाशी, मी हात सोडायला एक श्वास उशीर केला. तो अडकलेला बघून मला बरं वाटत होतं."

तो पाण्याकडे बघत राहिला. त्याचं न बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. इंजिनाचा खडखडाट, एका बाईच्या टोपलीतल्या कोंबडीची कुरकुर. मग तो वळला, आणि चेहऱ्यावर राग होता, पण मी ज्याची तयारी करून आलो होतो तो नाही.

"जळायचं ते जळ ना. घरी जळ, माझ्या घरी येऊन जळ, आई जेवायला वाढेल. पण ब्रिजवर उशीर? खाली टगवर माणसं होती, सुहास."

"होती."

"सरांनी तुला हे शिकवलं?"

"नाही."

"मंडळाला सांगणार आहेस?"

"उद्या."

"सांग. नाहीतर मी सांगेन." असं म्हणून तो पुन्हा कठड्याला टेकला. बोट खाडीच्या मध्यावर आली होती. "आता अमोलचं बोल. कुठे कमी पडतो?"

मी सांगितलं. सगळं दिसतं त्याला, पण कठीण आलं की आवाज जातो. आत सगळं येतं, तोंडात येत नाही. मी सांगत गेलो आणि तो मान हलवत ऐकत गेला, आणि मला जाणवलं की आयुष्यात एका दमात मी इतकं पहिल्यांदाच बोलत होतो.

"मग त्याला तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला.

"अरे, मी आत्ताच काय सांगितलं तुला?"

"मत दुसरा कोणीतरी देऊ दे. शिकव तू. त्या आवाज जाण्याच्या आत काय असतं ते तुलाच माहितीये. मला काय ठाऊक? मी कधी गप्प बसलोय? मी शिकवलं तर तो माझी नक्कल करेल, आणि खरं संकट आलं की पुन्हा मुका." त्यानं खिशात हात घातला, एक खडू उरला होता, तो माझ्या हातात ठेवला. "गच्चीवर घेऊन जा त्याला. मला नाही जमायचं हे."

मला नाही जमायचं. किती सहज म्हणाला. आवाज खाली न आणता, नजर न चोरता, पाणी कुठे उथळ आहे ते सांगावं तसं. मी हे वाक्य उभ्या आयुष्यात एकदाही उच्चारलेलं नाही. बोट मार्वेच्या धक्क्याला लागली, तो आधी उतरला आणि सवयीनं मागे वळून मला हात दिला. मी खडू मुठीत धरून उतरलो, आणि उतरता उतरता मला त्या वाक्याचाही हेवा वाटला.